कुंडीतली माती : विक्रोळीतल्या एका मुलीच्या तापाचं प्रकरण

साडेचार वर्षांची मुलगी, वजन १४ किलो. तीन आठवड्यांपासून संध्याकाळी अंगात कणकण येते, रात्री कोरड्या खोकल्याची ढास लागते आणि छातीत घरघर होते. जेवण निम्म्यावर आलंय. घर विक्रोळी पूर्वेला, खाडीकडच्या अंगाच्या एका जुन्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. आईवडील दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे दिवसभर ती आणि तिचा अकरा महिन्यांचा भाऊ आजीपाशी असतात.

हे प्रकरण अभ्यासासाठी बेतलेलं आहे. कुठल्या एका घराची ही हकिगत नाही. या आजारात काय दिसतं, कुठे चुकतं आणि काय करावं लागतं, ते एका कुटुंबाभोवती मांडलं आहे. आजाराची, जंतांची आणि औषधांची माहिती मात्र खरी आहे.

आधीचे तीन आठवडे

जुलै महिना. मुंबईत या दिवसांत ताप म्हटला की मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो ही तीन नावं आधी येतात, आणि ते योग्यच आहे. मुलीचीही मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी झाली, दोन्ही निगेटिव्ह आल्या. मग अँटिबायोटिक झालं, ते बदलून दुसरं झालं, खोकल्याचं औषध झालं. घरघर वाढली तेव्हा नेब्युलायझर लावला. त्याने दोन दिवस बरं वाटे, पुन्हा तेच.

पहिल्याच आठवड्यात केलेल्या रक्ताच्या तपासणीत एक आकडा छापलेला होता, पण तो वाचून पुढे कुणी काही केलं नाही. पांढऱ्या पेशी १६,२००, त्यातल्या इओसिनोफिल ३१ टक्के. म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये पाच हजारांच्या आसपास. हा आकडा एरवी पाचशेच्या आत असतो. 'अ‍ॅलर्जी आहे' एवढं म्हणून तो कागद फायलीत गेला.

माझं सगळ्यात मोठं म्हणणं याच आकड्याबद्दल आहे. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी दम्यात आणि अ‍ॅलर्जीत वाढतात हे खरं, पण नुसत्या दम्यात त्या सहसा हजार-दीड हजारांच्या पलीकडे जात नाहीत. पाच हजार म्हणजे शरीराच्या आत, आतड्याबाहेर, काहीतरी फिरतंय का हे शोधायलाच हवं. टक्केवारी बघून अंदाज चुकतो. एकूण पांढऱ्या पेशींना टक्केवारीने गुणून खरी संख्या काढायला मिनिटही लागत नाही, आणि या मुलीचे दोन आठवडे त्या मिनिटाने वाचले असते.

तपासणीच्या टेबलावर

बालरोगतज्ज्ञांकडे मुलगी आली तेव्हा ती फिकुटली होती. डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू जवळजवळ पांढरी. दोन्ही बाजूंनी छातीत घरघर, पण ऑक्सिजन ९७. गळ्यात, काखेत गाठी नाहीत. प्लीहा हाताला लागत नव्हती. यकृत मात्र बरगडीच्या खाली चार सेंटिमीटर लागत होतं, मऊ, दाबलं की मुलगी कण्हायची. पुन्हा रक्त तपासलं: हिमोग्लोबिन ८.६, पांढऱ्या पेशी २८,४००, इओसिनोफिल ५२ टक्के. गुणाकार केला तर १४,७६८.

ताप, घरघर, मोठं झालेलं यकृत आणि इतके इओसिनोफिल. हे चारही एकत्र आले की मुंबईतल्या डॉक्टरच्या मनात पहिलं येतं ते हत्तीरोगाच्या जंतांमुळे होणारं फुप्फुसाचं दुखणं. त्यातही रात्री खोकला येतो, इओसिनोफिल हजारोंनी वाढतात. ते मोठ्या माणसांत जास्त आणि यकृत एवढं क्वचित वाढतं, तरी तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. क्षयाची चाचणी निगेटिव्ह. रक्ताच्या कर्करोगाची भीती असते म्हणून पेशींची स्लाइड अनुभवी डोळ्यांनी पाहिली, अपरिपक्व पेशी नव्हत्या. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांत थोडे पुसट डाग, विशेष काही नाही. सोनोग्राफीत यकृतात बारीक बारीक, कडा अस्पष्ट असलेले पाच-सहा काळपट ठिपके दिसले. गळू म्हणावं एवढे मोठे ते नव्हते.

शौचाची तपासणी तीन वेळा झाली. एकदाही जंताचं अंडं दिसलं नाही.

इथे आईने एक बरोबर प्रश्न विचारला. "डॉक्टर, हिला अंगणवाडीत जंताची गोळी दिली होती की. मग जंत कसे असतील?" राष्ट्रीय जंतनाशक दिनी, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, मुलांना अल्बेंडाझोलची एक गोळी देतात. ती आतड्यातल्या जंतांसाठी असते आणि त्यांच्यासाठी ती चांगली चालते. या मुलीच्या आतड्यात जंत नव्हतेच. म्हणून शौचही स्वच्छ होतं.

आजीला विचारलेला प्रश्न

"ही माती खाते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही हो," आई लगेच म्हणाली. "खाली खेळायलासुद्धा फारशी नेत नाही आम्ही. पावसात तर नाहीच."

आजी गप्प बसून होत्या. डॉक्टरांनी तो प्रश्न तिथेच सोडला आणि मुलीचे हात हातात घेतले. नखं पांढरट, मऊ, आणि उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांच्या नखांखाली काळी रेघ. बाकीची नखं स्वच्छ.

"आजी, दुपारभर तुम्हीच असता हिच्याजवळ. भिंतीचे पोपडे, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, असलं काही खाते का? अंगात लोह कमी झालं की मुलांना असलं खावंसं वाटतं. त्यात तिचा दोष नाही आणि तुमचाही नाही."

आजींनी सुनेकडे बघितलं. "पेन्सिल खाते पाटीची. आणि तुळशीतली माती. मी दोनदा हात धरला. तुला नाही सांगितलं गं, उगाच पोरीला ओरडशील म्हणून."

या संवादावर मी मुद्दाम थांबतेय, कारण या आजारात सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच आहे आणि ती प्रयोगशाळेत होत नाही. 'माती खाते का' असं आईला सरळ विचारलं की तिला तो आरोप वाटतो आणि उत्तर 'नाही' असंच येतं. कामाला जाणाऱ्या आईला तर खरोखरच ठाऊक नसतं. जो माणूस दुपारी मुलासोबत असतो त्याला विचारावं लागतं, आणि कारण आधी सांगून विचारावं लागतं. या घरात आजी सोबत आल्या होत्या म्हणून बरं. नसत्या आल्या तर फोन लावायला हवा होता.

बाकीचे प्रश्नही विचारले. घरात कुत्रं-मांजर नाही. कलेजी खाल्ली जाते, पण कुकरला तीन शिट्ट्या काढून. हा प्रश्न अवांतर नाही. डॉक्टरांच्या मनात टॉक्सोकॅरा हा कुत्र्या-मांजरांचा जंत होता, आणि कोंबडीच्या किंवा इतर जनावरांच्या कच्च्या, अर्धवट शिजलेल्या यकृतातूनही त्याच्या अळ्या माणसात येऊ शकतात.

टॉक्सोकॅराची अँटिबॉडी तपासणी पाठवली. ती ठळक पॉझिटिव्ह आली. फेरिटिन ६, म्हणजे लोहाचा साठा संपलेला. पोटातल्या साध्या जंतांच्या अँटिबॉडीही या चाचणीत फसवू शकतात आणि आपल्याकडे ते जंत पुष्कळ, त्यामुळे एकट्या चाचणीवर निदान करू नये असं मी म्हणेन. इथे चाचणी, इओसिनोफिल, यकृतावरचे ठिपके आणि तुळशीतली माती अशा चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या.

अळी माणसात येते तेव्हा

टॉक्सोकॅरा कॅनिस हा कुत्र्यांचा गोलकृमी, टॉक्सोकॅरा कॅटी हा मांजरांचा. कोल्हे, लांडगे, खोकड या कुत्र्याच्या कुळातल्या रानटी प्राण्यांतही कॅनिस सापडतो. पूर्ण वाढलेले जंत लहान आतड्यात राहतात, आणि एकेक मादी दिवसाला लाख-दोन लाख अंडी घालू शकते.

याचं खरं घर म्हणजे पिल्लं. मोठ्या कुत्रीच्या पोटात गेलेल्या बऱ्याचशा अळ्या तिच्या स्नायूंत आणि अवयवांत जाऊन निपचित पडून राहतात. कुत्री गाभण राहिली की त्या जाग्या होतात, नाळेतून पिल्लांत शिरतात, आणि जन्मल्यावर दुधातूनही जातात. म्हणून पिल्लू डोळे उघडून रांगायला लागतं न लागतं, साधारण तिसऱ्या आठवड्यात, तोच त्याच्या शीतून अंडी बाहेर पडायला लागतात. मांजरांत अळ्या दुधातून जातात, नाळेतून नाही.

आता जे बहुतेकांना ठाऊक नसतं ते सांगते. ताज्या शीतलं अंडं पोटात गेलं तरी माणसाला आजार होत नाही. अंड्यात अळी तयार व्हायला ते मातीत दोन ते चार आठवडे पडून राहावं लागतं. ओल, सावली आणि मुंबईच्या जून-जुलैतलं हवामान त्याला मानवतं. कोरड्या रणरणत्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर ते मरतं. सावलीतल्या ओल्या मातीत मात्र महिनोन्‌महिने, कधी काही वर्षंही, टिकून राहतं. फिनाइल आणि ब्लीचिंग पावडर टाकून ते मरत नाही, कारण कवच जाड असतं. उकळतं पाणी किंवा वाफ लागते.

असं तयार अंडं मुलाच्या पोटात गेलं की लहान आतड्यात फुटतं. जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात उतरते. पहिला मुक्काम यकृत, मग फुप्फुसं, आणि तिथून कुठेही: स्नायू, मेंदू, डोळा. कुत्र्याच्या पिल्लात ती पुन्हा आतड्यात येऊन जंत झाली असती. माणसात ती कधीच वाढत नाही, अंडी घालत नाही. नुसती फिरत राहते, आणि शरीर तिच्याभोवती इओसिनोफिलची फौज उभी करतं. यकृत वाढतं ते त्यामुळे, घरघरही त्यामुळे. आजारी मुलापासून दुसऱ्याला हा आजार होत नाही हेही त्यातूनच येतं, आणि ते या घराला स्पष्ट सांगावं लागलं, कारण आजींनी मुलीचं ताट-वाटी वेगळी काढली होती.

हे सगळं वैद्यकाला फार जुनं ठाऊक नाही. १९५० साली अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर यांनी मुलांचे काढून टाकलेले ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. बरेचसे कर्करोगाच्या संशयाने काढले होते. त्यांतल्या २४ डोळ्यांत गोलकृमींची अळी किंवा तिचे अवशेष सापडले. दोनच वर्षांनी पॉल बीव्हर आणि सहकाऱ्यांनी न्यू ऑर्लीन्समधल्या मुलांच्या यकृतात टॉक्सोकॅराची अळी दाखवून दिली. वाइल्डर यांचा तो आकडा मला अजूनही अस्वस्थ करतो. यातल्या काही मुलांचे डोळे एका जंताला गाठ समजून काढले गेले होते.

म्हणूनच या मुलीचे डोळे बाहुल्या मोठ्या करून तपासले. पडदा स्वच्छ होता. डोळ्यातला आजार बहुतेकदा एकाच डोळ्यात होतो, मूल लहान असेल तर तक्रार करत नाही, आणि रक्तातले इओसिनोफिल तेव्हा साधारण असू शकतात, अँटिबॉडीही कमी असू शकते. मूल तिरळं बघायला लागलं, फोटोत एक बाहुली पांढरी चमकली, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं. रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे म्हणून थांबू नये.

औषध

अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. अंगणवाडीतल्या एका गोळीत आणि यात फरक एवढाच की इथे औषध आतड्यात थांबून चालत नाही, रक्तातून अळीपर्यंत पोचावं लागतं. म्हणून ते तूप घातलेल्या वरण-भातासोबत द्यायला सांगितलं. स्निग्ध पदार्थासोबत ते जास्त शोषलं जातं. औषधाचं प्रमाण डॉक्टरनेच ठरवायचं, दुकानातून आणून देऊ नये. सोबत लोहाचं औषध, वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम या हिशोबाने, निदान तीन महिने. घरघरीला इनहेलर. स्टेरॉइडची गरज पडली नाही. श्वासाचा त्रास जास्त असता, किंवा डोळा, मेंदू, हृदय यांत आजार गेला असता, तर द्यावं लागलं असतं.

लोहाच्या औषधाला मी जंताच्या औषधाइतकंच महत्त्व देते. लोह भरून निघालं नाही तर मूल पुन्हा मातीकडे वळतं, मग कितीही रागवा.

अकरा महिन्यांच्या भावाचं रक्त तपासलं. इओसिनोफिल सर्वसाधारण, मूल खेळकर. त्याला औषध दिलं नाही. तक्रार नसताना नुसत्या अँटिबॉडीवरून औषध देण्यात अर्थ नाही, म्हणून त्याची ती चाचणी केलीच नाही.

ती माती आली कुठून

तुळस गॅलरीत. पावसाच्या तोंडावर वडिलांनी ती मोठ्या कुंडीत लावली होती. नर्सरीतली पिशवी विकत कशाला आणायची म्हणून माती खालून आणली, मीटर रूमच्या मागच्या वाफ्यातून. ती काळी, भुसभुशीत असते, वसाहतीतले बरेच जण तिथूनच नेतात.

त्याच वाफ्यात मार्चच्या सुरुवातीला एक कुत्री व्याली होती. पाच पिल्लं, दोन गेली, तीन राहिली. तळमजल्यावरच्या मावशी त्यांना दूध-बिस्किट घालायच्या. त्यांनी सांगितलं की पिल्लांची पोटं टम्म फुगलेली असायची आणि एकदा एका पिल्लाने ओकारीतून शेवयांसारखे लांब पांढरे जंत काढले होते. मावशींना वाटलं, दुधाने झालं असेल.

कुंडीतली, वाफ्यातली आणि मुलांच्या वाळूच्या हौदातली माती पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत दिली. मिठाच्या दाट पाण्यात माती ढवळली की अंडी वर तरंगतात, ती काचेवर घेऊन बघतात. कुंडीत आणि वाफ्यात टॉक्सोकॅराची अंडी सापडली, गडद तपकिरी, जाड कवचाची, कवचावर बारीक खळगे. काहींत आत वेटोळं घातलेली अळी दिसत होती. हौदातल्या नमुन्यात अंडी नव्हती. कुत्र्याची आणि मांजराची अंडी नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली खात्रीने वेगळी करता येत नाहीत आणि रक्ताची नेहमीची चाचणीही ते सांगत नाही, पण त्या वाफ्यात कोण व्यालं होतं हे माहीत असल्याने उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही.

मुलगी खाली खेळायला जात नव्हती, हे आईचं म्हणणं खरंच होतं. माती तिसऱ्या मजल्यावर तिच्याकडे आली होती.

सभेत

बातमी वसाहतीत पसरली आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटला. कुणीतरी मेंदू पोखरणाऱ्या जंताचा अमेरिकेतला व्हिडिओ टाकला. तो बेलिसॅस्कॅरिस प्रोसायोनिसचा होता, रॅकून या उत्तर अमेरिकेतल्या प्राण्याचा गोलकृमी. त्याची अळी माणसाच्या शरीरात फिरता फिरता वाढतेही, म्हणून मेंदूची फार हानी करते. मुंबईत रॅकून नाहीत. दुसऱ्याने लिहिलं की खारफुटीतून कोल्हे येतात, त्यांच्यामुळेच हे. विक्रोळीच्या खाडीकाठी सोनेरी कोल्हे आहेत हे खरं, आणि हा जंत त्यांच्यातही राहू शकतो. पण मीटर रूमपाशी पिल्लं वाढली असताना खारफुटीतल्या कोल्ह्यावर ठपका ठेवायला काहीच आधार नव्हता.

विशेष सभा बोलावली. एका बाजूचं म्हणणं, महापालिकेला सांगून सगळी कुत्री उचलून न्या. दुसऱ्या बाजूचं, मुक्या जनावरांना दोष देऊ नका. सेक्रेटरींनी आधीच वाफ्यात ब्लीचिंग पावडर टाकून घेतली होती आणि त्याने काम झालं असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

बालरोगतज्ज्ञांनी सभेसाठी एक पानाची चिठ्ठी दिली होती, मुलीच्या आईने ती वाचून दाखवली. त्यातला गाभा असा: कुत्री आज गेली तरी मातीतली अंडी उद्याही तिथेच असतील, आणि रिकाम्या जागेत दुसरी कुत्री येतील. मोठी, नसबंदी झालेली कुत्री हा या आजाराचा मुख्य स्रोत नाही. पिल्लं आहेत. त्यामुळे पिल्लं जन्मूच नयेत आणि जन्मली तर त्यांना वेळेवर जंतनाशक मिळावं, यावर जोर हवा.

मला वाटतं, या सभेतला वादच चुकीच्या जागी चालला होता. कुत्री ठेवावीत की नाही हा भांडणाचा विषय असेल, पण त्या मुलीच्या यकृताशी त्याचा फारसा संबंध नव्हता. मुंबईत २०१४ च्या गणनेत भटकी कुत्री ९५ हजारांच्या आसपास निघाली होती. इतक्या कुत्र्यांच्या शहरात एका वसाहतीने आपल्या फाटकाबाहेर कुत्री हाकलणं म्हणजे शेजारच्या वाफ्यात ती पाठवणं. कायद्याचा रस्ताही वेगळाच आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्याच भागात सोडायचं असतं. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी आणि लसीकरणासोबत जंतनाशक औषधाचाही उल्लेख केला, रेबीजची किंवा आक्रमक कुत्री वगळून. रेबीजपुढे जंतांकडे कुणी बघत नाही, त्यामुळे तो एक शब्द मला महत्त्वाचा वाटतो.

कुत्रीच्या नसबंदीसाठी प्राणी संस्थेला कळवायचं ठरलं. तोवर मावशींकडे जबाबदारी आली. त्यांनी ती आनंदाने घेतली, फक्त त्यांना वेळापत्रक हवं होतं. पशुवैद्यांनी लिहून दिलं: पुढे कधी पिल्लं झालीच तर दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंतनाशक, आठवा आठवडा होईपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. पाजणाऱ्या आईलाही त्याच वेळी. मोठ्या कुत्र्यांना वर्षातून चार वेळा. मांजराच्या पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून. औषध दुधात कालवून देता येतं. हातात पिशवी घालून शी रोज उचलायची. अंडं तयार व्हायला दोन आठवडे लागतात, रोज उचललं तर ते मातीत मुरतच नाही. इतकं साधं आहे हे, आणि तरी बहुतेक ठिकाणी होत नाही.

वाफ्याची वरची वीतभर माती काढून पिशव्या बांधून कचऱ्यात दिली, नवी माती घातली आणि दाट पसरणारी झाडं लावली, जेणेकरून कुत्र्याला तिथे उकरून बसायला जागा उरणार नाही. तुळशीची कुंडी रिकामी करून उकळत्या पाण्याने धुतली. मीटर रूममागून कुणी माती नेऊ नये अशी पाटी लागली.

वाळूच्या हौदाच्या नमुन्यात अंडी निघाली नव्हती, म्हणून काहींनी तो तसाच ठेवू या म्हटलं. पण वाळू चाळताना घसरगुंडीच्या खाली मांजराची पुरलेली शी सापडली होती. एका नमुन्यात काही निघालं नाही याचा अर्थ हौद स्वच्छ आहे असा होत नाही. मांजरं अशीच जागा शोधतात. वॉचमन संध्याकाळी सात वाजता त्यावर ताडपत्री ओढतो, सकाळी काढतो. वाळू ताडपत्रीखाली ओली राहू नये म्हणून ऊन असेल तेव्हा ती उघडी ठेवायची, हे त्याला समजावून सांगितलं आहे.

पुढे

औषधाच्या तिसऱ्या दिवशी मुलीला एकदा ताप जास्त आला. अळ्या मरताना असं होऊ शकतं, आईला आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरून धावपळ झाली नाही. आठवड्याभरात ताप गेला. खोकला जायला तीन आठवडे लागले. महिन्याने पांढऱ्या पेशी १४,६००, इओसिनोफिल २८ टक्के, म्हणजे चार हजारांच्या थोडं वर. वडिलांना तो आकडा अजून मोठा वाटला आणि त्यांनी औषध पुन्हा द्या म्हणून आग्रह धरला. मूल खात होतं, खेळत होतं, यकृत दीड सेंटिमीटरवर आलं होतं. इओसिनोफिल खाली यायला कित्येक महिने लागतात. डॉक्टरांनी नकार दिला, आणि तो बरोबर होता. सहा महिन्यांनी आकडा ६४४. हिमोग्लोबिन ११.४. सोनोग्राफीत ठिपके उरले नव्हते.

टॉक्सोकॅराची अँटिबॉडी चाचणी पुन्हा केली नाही. ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते, बरं झालं की नाही हे तिच्यावरून कळत नाही, आणि पुढे कधी दुसऱ्या तापात ती कुणी केली तर गैरसमज नको म्हणून फायलीच्या पहिल्याच पानावर तशी नोंद केली आहे.

पाटीवरची पेन्सिल खाणं दोन महिन्यांत थांबलं. डोळ्यांची दुसरी तपासणी शाळा सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात आहे. मीटर रूमजवळच्या कुत्रीची नसबंदी डिसेंबरमध्ये झाली. तिच्या आधीच्या पिल्लांपैकी दोन अजून वसाहतीतच आहेत, त्यातली एक मादी आहे आणि तिचं नाव मावशींनी नसबंदीच्या पुढच्या यादीत घातलं आहे.